वर्दी कोणाला द्यायची? : संगणक-सुरक्षेच्या देशोदेशीच्या संपर्कजाळ्याचा इतिहास

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डे घातली गेली आणि सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या यंत्रांमधून सुमारे २,८०० व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले; त्यात कोल्हापुरातलीही यंत्रे होती. सोमवारी, १३ ऑगस्टला, देशोदेशीच्या बँकांमध्ये पैसे फिरवणाऱ्या स्विफ्ट प्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या, शंभरी ओलांडलेल्या या बँकेच्या तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता.

चोरीची रीत आधी समजून घेऊ. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र आपल्या बँकेला विचारते, 'या खात्यावर पैसे देऊ का?' हा प्रश्न 'स्विच' नावाच्या संगणकाकडे येतो. तो मुख्य हिशेबप्रणालीत शिल्लक पाहतो आणि होकार किंवा नकार कळवतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून एक खोटा स्विच उभा केला. येणारे प्रश्न त्याच्याकडे वळले आणि तो होकार देत राहिला. खऱ्या हिशेबप्रणालीला कोणी विचारलेच नाही. त्यामुळे ठेवीदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. फटका थेट बँकेला बसला.

या प्रकरणाचा अभ्यास करताना मला ११ आणि १३ ऑगस्टपेक्षा १० ऑगस्ट ही तारीख जास्त अस्वस्थ करत आली आहे. त्या शुक्रवारी अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता. येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकदम मोठी रक्कम काढण्याचा बेत आहे आणि कार्डे देणाऱ्या कोणत्या तरी संस्थेत शिरकाव झालेला असावा, असा त्याचा आशय होता. संस्थेचे नाव त्यात नव्हते. रविवारी, १२ तारखेला, ब्रायन क्रेब्ज या अमेरिकी पत्रकाराने तो इशारा जाहीर केला. तोवर एटीएममधले पैसे गेले होते. स्विफ्टमधली चोरी मात्र अजून व्हायची होती.

म्हणजे चाहूल लागलेली होती, पण ती जगाच्या दुसऱ्या टोकाला. ज्याला चाहूल लागते तो एका देशात असतो आणि ज्याच्या घरात चोर शिरतो तो दुसऱ्या देशात. या दोघांच्या मध्ये वर्दी पोहोचवणारा माणूस कोण? हा प्रश्न गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत जगाने कसा सोडवत आणला आणि तो कुठे अडला, हे या लेखात पाहायचे आहे.

वादळाची वर्दी

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वर्दीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्याला 'बसरा स्टार' नावाचे जहाज येऊन रुतले. नुकसान अपार झाले. पण वादळ येणार हे लोकांना आधी ठाऊक होते आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले.

'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्या भोवतालच्या देशांचे चक्रीवादळांविषयीचे एक मंडळ १९७२ पासून काम करते. आज त्यात १३ देश आहेत. दिल्लीतले भारतीय हवामान विभागाचे केंद्र या सर्वांना वादळाच्या सूचना पाठवते आणि त्या यादीत पाकिस्तानही आहे. दोन्ही देशांचे बोलणे एरवी बंद असले तरी वादळाची सूचना जाते. काय कळवायचे, कोणी कळवायचे आणि समोर कोणी ते घ्यायचे, या तिन्ही गोष्टी आधीच ठरलेल्या आहेत म्हणून हे शक्य होते.

संगणकांच्या जगात या तीन गोष्टी ठरायला फार वेळ लागला. त्यातली तिसरी तर अजून पुरती ठरलेली नाही.

पत्ता असलेला विषाणू

१९८६ च्या जानेवारीत लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. वैयक्तिक संगणकांवरचा तो पहिला विषाणू मानला जातो. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना पकडावे, हा त्यामागचा हेतू होता असे त्यांनी सांगितले. गंमत म्हणजे त्या विषाणूच्या आतच त्यांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत तो लाहोरहून परदेशात गेला आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांतून त्या भावांना फोन येऊ लागले. पुढच्या काळातले विषाणू सहसा आपला पत्ता असा सांगत नसत. तेव्हा वर्दी थेट कर्त्यालाच देता येत होती. दुसरे कोणी ऐकायला नव्हतेच.

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री हे चित्र बदलले. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट मॉरिस हा विद्यार्थी. त्याने एमआयटीमधल्या संगणकावरून स्वतःची नक्कल करत पसरणारा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६० हजार संगणक जोडलेले होते. त्यांपैकी सुमारे सहा हजार ठप्प झाले, असा अंदाज तेव्हा केला गेला. प्रोग्रॅम आवरत नाही हे लक्षात आल्यावर मॉरिसच्या हार्वर्डमधल्या एका मित्राने हा प्रकार कसा थांबवावा हे सांगणारा निनावी संदेश पाठवला. पण जाळे तुंबलेले होते. संदेश वेळेत पोहोचलाच नाही. घाबरून अनेक ठिकाणच्या लोकांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले होते. बर्कलीच्या तज्ज्ञांनी उपाय शोधून तो ईमेलने पाठवायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापर्यंतच तो जाईना. शेवटी ज्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर होते, त्यांनी एकमेकांना फोन केले.

या रात्रीने दोन धडे दिले. आग लागलेल्या घरातल्याच फोनवरून अग्निशमन दलाला बोलावता येईल असे धरून चालू नये, हा पहिला. आणि अग्निशमन दलच नसेल तर फोन असूनही उपयोग नाही, हा दुसरा. काही आठवड्यांतच अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक पथक उभे केले. संगणकावरच्या आपत्तीची वर्दी घेणारे आणि सल्ला देणारे हे पहिले 'सर्ट'. पुढे जगभर या धर्तीची पथके निघाली.

पण पथके अनेक झाली की नवा घोळ सुरू होतो. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, 'गॅलिलिओ' यान सोडण्याच्या तोंडावर, नासाच्या आणि इतर प्रयोगशाळांच्या संगणकजाळ्यात 'वँक' नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम घुसला. त्याला आवरताना ध्यानात आले की पथकांची भाषा वेगळी, घड्याळे वेगळी, कामाच्या पद्धती वेगळ्या. एकाला कळलेले दुसऱ्याला कळत नाही. म्हणून १९९० साली या पथकांचीच एक संघटना स्थापन झाली. 'फोरम ऑफ इन्सिडंट रिस्पॉन्स अँड सिक्युरिटी टीम्स' असे तिचे लांबलचक नाव. 'फर्स्ट' हे लघुरूप.

फर्स्टचे सदस्य होण्याची रीत आपल्याकडच्या पतसंस्थांना ओळखीची वाटेल. नव्या पथकाला आधीच्या दोन सदस्य पथकांची शिफारस लागते. जणू दोन जामीनदार. शिफारस करणाऱ्याने नव्या पथकाच्या कार्यालयात जाऊन पाहणी करायची असते. कुलूप कसे आहे, कागद कुठे ठेवतात, फोन कोण उचलतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच गुपिते पाठवायची. संगणकाच्या क्षेत्रातली ही सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय व्यवस्था मुळात ओळखीवर आणि भेटीगाठींवर उभी आहे.

पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटनच्या एका सरकारी केंद्राने एक साधी युक्ती काढली आणि तीही जगभर रूढ झाली. माहितीच्या प्रत्येक कागदावर सिग्नलचा रंग लिहायचा. लाल म्हणजे ज्याला सांगितले त्याच्यापाशीच राहील. पिवळसर म्हणजे त्याच्या संस्थेपुरते. हिरवा म्हणजे या क्षेत्रातल्या लोकांपुरते. पांढरा म्हणजे सर्वांसाठी खुले. 'सांगतो, पण पुढे किती जाईल?' ही भीती माणसाला गप्प बसवते. रंगाने त्या भीतीला उत्तर दिले.

भारतातली सुरुवात

आपल्याकडे या प्रश्नाची पहिली मोठी ठेच महाराष्ट्रातच लागली. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जूनच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाच्या टोळक्याने शिरकाव केला. शास्त्रज्ञांचे ईमेल पळवले गेले, काही सर्व्हरवरची माहिती पुसली गेली, संकेतस्थळावर निषेधाचा मजकूर लावला गेला. हे कोण होते? अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, न्यूझीलंड अशा देशांत बसलेली, बहुतेक विशीच्या आतली पोरे. एका रात्रीत चार देशांतल्या मुलांनी मुंबईतल्या संगणकाला हात घातला होता. त्या वेळी भारतात माहिती तंत्रज्ञानाचा कायदा नव्हता आणि परदेशी पथकाने फोन करावा असे राष्ट्रीय पथकही नव्हते.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. जानेवारी २००४ मध्ये 'सर्ट-इन' हे भारताचे पथक दिल्लीत कामाला लागले. २००८ च्या दुरुस्तीने कलम ७० ब आले आणि सर्ट-इनला राष्ट्रीय संस्थेचा कायदेशीर दर्जा मिळाला. आशिया-पॅसिफिक विभागातल्या पथकांची 'एपीसर्ट' ही संघटना २००३ साली निघाली होती. सर्ट-इन तिचेही सदस्य झाले आणि फर्स्टचेही. शिवाय एकेका देशाशी स्वतंत्र करार झाले. अमेरिकेशी २०११ मध्ये, बांगलादेशाशी २०१७ मध्ये. एप्रिल २०२२ च्या आदेशाने तर देशातल्या संस्थांना असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे बंधनकारक झाले.

दिल्लीत दिवा लागला होता आणि बाहेरच्या जगाला तो दिसतही होता. तो गल्लीबोळांपर्यंत किती दिसत होता, हा पुढचा प्रश्न.

ताल्लिनमधले योगायोग

युरोपची वाट थोडी वेगळी आहे आणि आपल्या दृष्टीने ती पाहण्यासारखी आहे. युरोपीय संघाने २००४ साली संगणक-सुरक्षेसाठी 'एनिसा' ही संस्था स्थापन करून तिचे ठाणे ग्रीसमध्ये ठेवले. प्रत्येक सदस्य देशाने तिच्याशी बोलायला आपला एक माणूस नेमावा, अशी प्रथा पडली. हा 'राष्ट्रीय संपर्क अधिकारी'. सुरुवातीला या अधिकाऱ्यांचे जाळे अनौपचारिकच होते. अशा माणसाचे मोल काय, हे २००७ साली एस्टोनियात दिसले.

एस्टोनिया हा तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. बँका, वृत्तपत्रे, सरकारी कामे बरीचशी संगणकावर गेलेली. एप्रिल २००७ च्या अखेरीस सोव्हिएत काळातला एका सैनिकाचा पुतळा राजधानी ताल्लिनच्या मध्यवस्तीतून हलवण्यावरून दंगल उसळली आणि पाठोपाठ देशाच्या संगणकांवर मागण्यांचा भडिमार सुरू झाला. जगभरातल्या हजारो संगणकांना फितवून एकाच दारावर एकाच वेळी थापा मारायला लावायच्या, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरताच येत नाही. तीनेक आठवडे हा प्रकार अधूनमधून चालला.

हल्ला करणारे संगणक अनेक देशांत होते. ते बंद करायचे तर त्या त्या देशातल्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या योग्य माणसाला रात्री-अपरात्री उठवावे लागणार होते, आणि एस्टोनियातल्या कोणा अनोळखी अधिकाऱ्याचा फोन तो मानेल कशाला? नशिबाने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात युरोपातल्या इंटरनेट चालवणाऱ्या तंत्रज्ञांची 'राइप'ची बैठक ताल्लिनमध्येच आधीपासून ठरलेली होती. जगभर ज्यांचा शब्द चालतो अशी माणसे त्या गावात होती. त्यांनी एस्टोनियाच्या पथकाला आपल्या ओळखी वापरू दिल्या आणि ठिकठिकाणचे हल्ले मुळाशी तोडणे सोपे झाले. याच काळात एस्टोनियाने रशियाकडे कायदेशीर साहाय्याची रीतसर मागणी केली. ती नाकारली गेली. ओळखीच्या माणसाचा फोन काही मिनिटांत काम करून गेला आणि सरकारी खलिता दारातून परत आला.

पण दर वेळी बैठक आपल्याच गावात भरलेली असेल असे नाही. योगायोगाने जे झाले ते नेमाने व्हावे, यासाठी युरोपने पुढची बारा वर्षे घालवली. २०१६ च्या निर्देशाने सर्व देशांच्या आपत्ती-पथकांचे एक जाळे बांधले गेले. २७ जून २०१९ पासून अमलात आलेल्या सायबर सुरक्षा कायद्याने राष्ट्रीय संपर्क अधिकाऱ्यांच्या जाळ्यालाही कायद्यात जागा दिली. ही दोन वेगळी जाळी आहेत. पथकांचे जाळे आग विझवण्यासाठी. संपर्क अधिकाऱ्यांचे जाळे ज्ञान पोहोचवण्यासाठी: एका देशाला जे उमगले ते दुसऱ्या देशातल्या योग्य खात्यापर्यंत, तज्ज्ञापर्यंत, संस्थेपर्यंत नेणे, आणि तिथली गरज उलट कळवणे. गावातला पोस्टमन फक्त पत्ता वाचत नाही. कोण कुठे राहायला गेले, कोणाला वाचून दाखवावे लागते, हेही त्याला माहीत असते. संपर्क अधिकाऱ्याचे काम काहीसे तसे आहे.

बंद खिडक्या

पोलिसांचा मार्ग याहून वेगळा. दुसऱ्या देशातला पुरावा हवा असेल तर न्यायालयामार्फत विनंतीपत्र, परराष्ट्र खाते, तिकडचे न्यायालय, असा प्रवास करावा लागतो. त्यात महिने जातात आणि संगणकावरची नोंद काही दिवसांतच पुसली जाते. म्हणून १९९७ साली मोठ्या औद्योगिक देशांच्या गटाने चोवीस तास उघड्या संपर्ककेंद्रांचे जाळे ठरवले. त्याचे मुख्य काम एकच: 'कागदपत्रे मागाहून येतील, तोवर ही नोंद पुसू नका' असे लगेच सांगणे. भारतात हे केंद्र सीबीआयकडे आहे. २००१ च्या बुडापेस्ट करारातही असेच कलम आहे. त्या करारात भारत नाही. २४ डिसेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा करार स्वीकारला, त्यातही चोवीस तासांच्या जाळ्याचे कलम आहेच.

ते का असावे लागते, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाने भोगून पाहिले. ४ फेब्रुवारीच्या रात्री चोरांनी बांगलादेश बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला सुमारे ९५ कोटी डॉलरच्या हस्तांतराचे आदेश पाठवले. वार काळजीपूर्वक निवडला होता. ढाक्यात शुक्रवारची सुट्टी. शनिवारी गडबड लक्षात येऊन ढाक्याहून संदेश गेले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सुट्टी. सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. तीन गावांतल्या तीन बंद खिडक्यांमधून ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले आणि तिथून पसार झाले. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी वाचले, कारण चोरांनी 'फाउंडेशन' हा शब्द चुकीचा लिहिला आणि कोणाला तरी शंका आली. या प्रकारानंतर न्यूयॉर्कच्या बँकेने परदेशी मध्यवर्ती बँकांसाठी चोवीस तासांचा आपत्कालीन दूरध्वनी सुरू केला. इतक्या मोठ्या बँकेला, इतक्या मोठ्या चोरीनंतर, अखेर सुचले ते हेच: फोन उचलणारा माणूस.

वादळाला मालक नसतो

वादळाच्या सूचनेत आणि संगणकावरच्या धोक्याच्या सूचनेत मात्र एक मोठा फरक आहे. वादळ कोणी पाळत नाही. संगणकातली फट मात्र एखादे सरकार ओळखून स्वतःसाठी राखून ठेवते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतली अशी एक फट माहीत होती. हेरगिरीसाठी तिने ती वर्षानुवर्षे गुप्त ठेवली. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बुजवणारी दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये ते हत्यार चोरांच्या हातून जगजाहीर झाले आणि १२ मेला 'वॉनाक्राय'ने जगभर संगणक ओलीस धरले. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला, मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला आणि तिथून तिच्या उपकंपनीकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम बंद पडले. युक्रेनला नेमलेला घाव उरणच्या धक्क्यावर उमटला. कंटेनर जागच्या जागी राहिले. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले.

वर्दी देणाराच काही गोष्टी पोटात ठेवत असेल, तर वर्दी घेणाऱ्याचा विश्वास किती उरणार? संपर्काच्या या सगळ्या जाळ्यांची मर्यादा इथे आहे. सरकारे आपसात संशय बाळगतात, म्हणून ही जाळी सावकाश, एकेका ओळखीने वाढतात. दक्षिण आशियात युरोपसारखी कायद्याने बांधलेली साखळी नाही. त्याचा अर्थ काय होतो, ते पुण्याच्या चोरीकडे परत वळल्यावर दिसते.

ऑगस्टमध्ये पुणे, ऑक्टोबरमध्ये कराची

कॉसमॉसच्या चोरीनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, पाकिस्तानातल्या बँकइस्लामी या कराचीच्या बँकेवर तसाच हल्ला झाला आणि एटीएममधून ६१ लाख डॉलर काढले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने उत्तर कोरियाच्या तीन संगणकतज्ज्ञांवरचे आरोपपत्र जाहीर केले. त्याच वेळी कॅनडातल्या एका माणसाने, अशा चोऱ्यांतला पैसा फिरवण्यासाठी माणसे पुरवल्याची कबुली दिली. त्याच्या कामांच्या यादीत बँकइस्लामीही होती आणि २०१८ साली लुटली गेलेली एक भारतीय बँकही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानेही २०१९ च्या अहवालात कॉसमॉसची चोरी उत्तर कोरियाशी जोडली होती.

चोरांच्या टोळीला पुणे आणि कराची ही एकाच रस्त्यावरची दोन दुकाने वाटत होती. ऑगस्टमध्ये पुण्याने जे शिकले ते ऑक्टोबरपर्यंत कराचीला पोहोचवणारी नेमाची वाट, वादळाच्या सूचनेसाठी आहे तशी, या दोन शहरांच्या मध्ये नव्हती.

पुण्यात पोलिसांनी चिकाटीने तपास केला. एटीएममध्ये कार्डे घालणारी माणसे कॅमेऱ्यांतल्या चित्रणावरून शोधली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही कोटी परत मिळवता आले. तिथे खाते वेळेत गोठवले गेले म्हणून. २८ देशांतल्या एटीएममधून गेलेल्या नोटांना गोठवणार कोण? कार्ड घालणारे हात सापडले. त्यामागचे डोके आपल्या न्यायालयासमोर आलेले नाही.

चोरीनंतर व्यवस्था हलली. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या आकारानुसार चढत्या पायऱ्यांची सविस्तर चौकट. २०२० मध्ये सर्ट-इनच्या छत्राखाली केवळ वित्तीय क्षेत्रासाठी वेगळे पथक सुरू झाले. सामान्य माणसासाठी २०२१ मध्ये मदतीचा दूरध्वनी आला. तोच आजचा १९३० क्रमांक. फसवणूक झाल्याझाल्या तिथे कळवले, तर पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी अडवता येतो.

शेवटची कडी

या लेखाचे काम चालू असताना रत्नागिरी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या काही छोट्या पतसंस्थांत मी सहज जाऊन बसलो. बहुतेक ठिकाणी भिंतीवर एक पुठ्ठा असतो. त्यावर पोलीस ठाणे, अग्निशमन, वीज कार्यालय, रुग्णवाहिका, संगणक दुरुस्त करणारा मुलगा, यांचे नंबर लिहिलेले असतात. मी विचारले, 'शनिवारी रात्री संगणकात कोणी शिरले तर फोन कोणाला करणार?' उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आले: त्या मुलाला. त्यात त्यांना हसण्यासारखेही काही नाही. तोच त्यांचा ओळखीचा माणूस आहे आणि तो फोन उचलतो.

इतिहास पाहता हे उत्तर अगदीच चूक नाही. १९८८ च्या त्या रात्री अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही हेच केले होते. ताल्लिनमध्येही ओळखच कामी आली. फरक एवढाच की त्या ओळखींना जगाने पुढे साखळीत ओवले. पिट्सबर्गहून दिल्लीपर्यंत ती साखळी आली आहे. दिल्लीहून रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकापर्यंतही आली आहे. परिपत्रकापासून त्या पुठ्ठ्यापर्यंतची कडी मात्र जिल्ह्याजिल्ह्याने जोडायची आहे. युरोपने प्रत्येक देशाचा एक संपर्क अधिकारी नेमला. आपल्या एकेका जिल्ह्यात पतसंस्था, नागरी बँका, मच्छीमार सोसायट्या, आंबा-काजूच्या सहकारी संस्था इतक्या आहेत की प्रत्येक जिल्ह्याला असा एक माणूस हवा. दिल्लीहून आलेला इशारा त्याने मराठीत सोपा करून सांगावा, गावातली शंका वर कळवावी, वर्षातून एकदा प्रत्येकाच्या दारात जाऊन कुलूप पाहावे. फर्स्टमधल्या जामीनदारासारखे.

मिरकरवाड्याच्या बंदरात वादळाची सूचना आली की ती प्रत्येक होडीपर्यंत जाते. कोण कोणाला सांगणार हे तिथे कोणाला विचारावे लागत नाही. १० ऑगस्ट २०१८ चा इशारा शुक्रवारी निघाला होता. पुढचा असा इशारा निघेल, तेव्हाही बहुधा सुट्टीच्या आदला दिवसच असेल. तोवर त्या पुठ्ठ्यावर एक नंबर वाढवून ठेवायला हवा. आणि तो नंबर लागतो का, हेही एखाद्या शनिवारी रात्री फिरवून पाहायला हवे.